फॉल्स सीलिंगच्या सांध्यांतल्या चिरा: आधी कारण शोधा, मग पत्रा हातात घ्या

दिवाळीला रंग दिला आणि संक्रांतीपर्यंत छतावर पुन्हा रेघ उमटली, ही तक्रार सोलापुरात जिप्समचं फॉल्स सीलिंग केलेल्या बऱ्याच घरांतून ऐकू येते. रेघ अगदी पट्टीने आखल्यासारखी सरळ असते. रंगारी येतो, पत्र्याने म्हणजे रुंद पात्याने लांबी (पुट्टी) भरतो, घासतो, रोलर फिरवतो आणि पुढचा उन्हाळा सरला की रेघ त्याच जागी हजर. मी सीलिंगचीच कामं करतो. असे सांधे, म्हणजे छताचे दोन बोर्ड मिळतात त्या जागा, उघडले की बहुतेक ठिकाणी एक तर आत टेपच नसते, नाहीतर टेप असते पण तिच्याखाली कंपाउंड, म्हणजे सांधा भरायचा लगदा, नसतं. काही ठिकाणी तर सांध्याच्या मागे बोर्ड ज्याला आवळतात ते सांगाड्याचं लोखंडी सेक्शनच नसतं, दोन बोर्डांच्या कडा हवेत लटकत असतात.

सांधा धरून ठेवतात त्या गोष्टी तीनच: मागचं सेक्शन, स्क्रू आणि टेप. पुट्टी काहीही धरत नाही, ती फक्त झाकते. त्यामुळे चीर दिसली की पहिला प्रश्न ‘कशाने भरू’ हा नसून ‘या तिघांपैकी काय सुटलंय’ हा असतो. त्याचं उत्तर मिळालं की एका खोलीचं काम घरच्या घरीही नीट होतं, फक्त चार-पाच दिवस सवडीने द्यावे लागतात.

आधी छत कशाचं आहे ते बघा

आपल्याकडे सगळ्यालाच ‘पीओपी’ म्हणायची सवय आहे, पण दोन प्रकार वेगळे आहेत. जुन्या पद्धतीचं पीओपी म्हणजे जाळीवर किंवा साच्यातल्या पत्र्यांवर ओलं प्लास्टर चढवून केलेलं सलग छत. त्यातल्या चिरा वाकड्यातिकड्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरतात. जिप्सम बोर्डाचं छत हे कारखान्यात तयार झालेल्या, दोन्ही बाजूंनी कागद असलेल्या पाट्यांचं असतं. आपल्या बाजारात मिळणारा नेहमीचा बोर्ड १२.५ मिमी जाडीचा आणि ६ फूट बाय ४ फुटांचा असतो. चीर सरळ असेल आणि दोन चिरांमधलं अंतर चार किंवा सहा फुटांच्या जवळपास येत असेल, तर समजा की बोर्डाचा सांधा उघडला आहे.

खात्री करायची सोपी जागा म्हणजे छतातला एलईडी दिवा. त्या सर्किटचा एमसीबी पाडा, दिव्याच्या दोन्ही स्प्रिंग दाबून तो अलगद खाली घ्या आणि भोकाची कड बघा. कागद, पांढरा गाभा, पुन्हा कागद असे थर दिसले तर जिप्सम बोर्ड. नुसतं पांढरं, खडबडीत आणि त्यात काथ्या किंवा जाळी दिसली तर पीओपी. हा लेख बोर्डाच्या छताबद्दल आहे. पीओपीची चीर खोलवर उघडून, फायबरची जाळी घालून पीओपीनेच भरायची असते, ते काम वेगळं.

दिवा काढलाच आहे तर त्याच भोकातून मोबाईलचा टॉर्च आणि कॅमेरा आत घालून एक व्हिडिओ करून घ्या. सांगाडा कसा टांगला आहे, सेक्शन किती अंतरावर आहेत, वर स्लॅबला ओल आहे का, वायरी कुठून गेल्या आहेत, हे सगळं त्यात दिसतं. योग्य सांगाड्यात स्लॅबपासून पट्ट्यांनी टांगलेली इंटरमीडिएट चॅनल साधारण १२२० मिमीवर, म्हणजे चार फुटांवर असतात आणि त्यांना आडवी जोडलेली सीलिंग सेक्शन ४५७ मिमीवर, म्हणजे दीड फुटावर. बोर्ड या सेक्शनला २५ मिमीच्या काळ्या ड्रायवॉल स्क्रूंनी साधारण २३० मिमी अंतरावर आवळलेला असतो. व्हिडिओत सेक्शन दोन-दोन, अडीच-अडीच फुटांवर दिसली तर चिरांचं मूळ तिथेच आहे.

आपल्या हवेत सांधे जास्त का उघडतात

सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर असतो, आणि वरच्या मजल्याचा उघडा स्लॅब हवेपेक्षाही कितीतरी जास्त तापतो. काँक्रीट दर मीटरला दर अंशाला साधारण ०.०१ मिमी वाढतं. सहा मीटरचा, म्हणजे वीसेक फुटांचा स्लॅब पहाटेपासून दुपारपर्यंत २० अंशांनी तापला, तर तो जवळपास १.२ मिमी लांबतो आणि रात्री परत आखडतो. खालचा लोखंडी सांगाडा आणि जिप्सम हेही हलतात, पण स्लॅबइतकेच आणि त्याच वेळी नव्हे. ही ओढाताण रोजची आहे.

त्यात कूलर. एप्रिल-मे महिन्यांत खिडकी बंद करून कूलर लावला की दुपारभर खोलीत दमट हवा कोंडते आणि तो बंद केल्यावर काही तासांत हवा पुन्हा कोरडी ठणठणीत होते. बोर्डाचा कागद ओलावा शोषून किंचित फुगतो, सुकला की आखडतो. कूलरचा झोत थेट ज्या भागावर जातो तिथले सांधे आधी सुटतात, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. कूलर असलेल्या खोलीत समोरची एक खिडकी बोटभर तरी उघडी ठेवा. हवाही गार लागते आणि छतही वाचतं.

शहराच्या पूर्वभागात आणखी एक कारण असतं: यंत्रमाग. खाली कारखाना आणि वर घर अशी रचना असेल तर मागाचा हादरा खांब-भिंतींतून वर येतो आणि स्क्रू हळूहळू ढिले होतात. तिथे नुसती टेप बदलून भागत नाही. सेक्शनवरच्या स्क्रूंमधलं अंतर १५० मिमीपर्यंत कमी करावं लागतं, स्लॅबमधल्या टांगणीचे नट-बोल्ट तपासावे लागतात आणि जमलं तर मागाच्या पायांखाली रबराचे पॅड घालावे लागतात.

आणि मग आपली काळी माती. पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी. पाया उथळ असेल तर घराचा एखादा कोपरा वर-खाली होतो. अशा वेळी चीर फक्त छताला राहत नाही, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाऊन छताला मिळते. हे चिन्ह दिसलं तर सीलिंगवाल्याला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा. तोपर्यंत छतावर एक रुपयाही खर्च करू नका.

चिरेवरून कारण ओळखणं

संध्याकाळी खोलीतले दिवे बंद करून टॉर्च छताला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. सरळ खालून न दिसणारे उंचवटे आणि खळगे या तिरप्या उजेडात स्पष्ट उठतात. आता एकेक चीर बघत जा.

चीर सरळ आहे आणि दोन्ही कडा एका पातळीत आहेत, तर टेप नाही किंवा फाटली आहे. हा सगळ्यात सोपा रोग.

चिरेच्या दोन्ही बाजूंना, साधारण दोन इंच रुंदीची पट्टी फुगलेली किंवा सुरकुतलेली दिसते, तर टेप आहे पण तिच्याखाली कंपाउंड कमी पडलं आहे. बोटाने टिचकी मारा. पोकळ, कागदी आवाज येईल. ही पट्टी काढावीच लागते, वरून दाबून ती बसत नाही.

चिरेवर लांबट उंचवटा दिसतो, तर तो बोर्डाच्या आखूड बाजूचा सांधा आहे. बोर्डाच्या लांब कडा कारखान्यातच थोड्या उतरत्या केलेल्या असतात, त्यामुळे टेप आणि कंपाउंड त्या खळग्यात सामावतं. आखूड कडा तशा नसतात, आणि कापलेल्या बोर्डाच्या कडाही नसतात. तिथे टेप वरच बसते, मग उंचवटा दिसू नये म्हणून कारागीर घासून घासून टेपच पातळ करतो आणि सांधा कमजोर राहतो. सोलापुरात मला दुरुस्तीला येणाऱ्या सांध्यांत हे आखूड बाजूचे सांधे सर्वांत जास्त असतात.

एक कड वर आणि एक खाली अशी पायरी जाणवते, तर एका बाजूचे स्क्रू सुटले आहेत किंवा मागे सेक्शनच नाही.

कोव्हच्या (आत दिवे लपवलेल्या खोलगट कडेच्या), एसीच्या किंवा पंख्याच्या कटआउटच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते, तर बोर्डाचा सांधा नेमका कोपऱ्याच्या रेषेत आला आहे. ताण नेहमी आतल्या कोपऱ्यात साठतो. नवं काम करताना तिथे बोर्ड एल आकारात कापून बसवायचा असतो, म्हणजे सांधा कोपऱ्यापासून लांब जातो. पंख्याजवळ चीर असेल तर आधी पंखा कशाला टांगला आहे ते तपासा. पंख्याचा हुक स्लॅबमध्येच हवा, सीलिंगच्या सांगाड्यात कधीच नाही. दांडी किंवा तिची वाटी बोर्डाला टेकत असेल तर तिथलं भोक थोडं मोठं करून घ्या, नाहीतर पंख्याची थरथर रोज सांधा हलवत राहील.

छत आणि भिंत मिळतात त्या रेषेत फट दिसते, तर तो बहुतेक वेळा बिघाड नसतो, हालचाल असते. तिचा इलाज निराळा, पुढे सांगतो.

चिरेच्या कडा पिवळट-तपकिरी आहेत, तर पाणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून गच्चीवर टाक्या मोठ्या. पाणी रात्री-अपरात्री सुटतं, टाकी भरून वाहते आणि ते पाणी गच्चीच्या कोब्यात मुरत राहतं. सीलिंगवर डाग दिसेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. डागाजवळ बोटाने दाबून बघा. बोर्ड मऊ लागला तर तो तुकडा बदलावाच लागेल. कोरडा आणि कडक असेल तरी गळती बंद झाल्याची खात्री होईपर्यंत थांबा.

छत झोल देऊन खाली आलं असेल, किंवा दाबल्यावर मोठा भाग एकदम हलत असेल, तर त्याखाली झोपू नका, बसू नका. टांगणीच सुटली आहे. हे घरी करायचं काम नाही.

हात लावून तपासणी

आता शिडीवर चढून तळहाताने सांध्याच्या एका बाजूला हलकेच वर दाबा, मग दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजू घट्ट असतील तर काम फक्त टेपचं. एक बाजू हलली तर स्क्रू वाढवायचे. दोन्ही बाजू हलल्या तर मागे सेक्शन आहे की नाही ते लोहचुंबकाने बघा. फडक्यात गुंडाळलेला छोटा चुंबक सांध्याच्या रेषेवरून फिरवा. जिथे तो ओढला जातो तिथे स्क्रूचं डोकं किंवा सेक्शन आहे. पेन्सिलने खुणा करत गेलात की मागचा सगळा सांगाडा छतावर आखला जातो.

रुंदी मोजायला एटीएम कार्ड पुरतं. कार्डाची जाडी ०.७६ मिमी असते. कार्ड चिरेत शिरत नसेल तर चीर केसासारखी बारीक आहे. सहज शिरत असेल तर फट आधी भरून, वाळवून, मगच टेप लावायची. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण आणि शेजारी तारीख लिहून ठेवा. महिनाभराने खुणेच्या पुढे गेली असेल तर ती अजून चालू आहे आणि कारण मिटलेलं नाही.

काम कधी काढावं

बहुतेक लोक दिवाळीच्या तोंडावर रंग काढतात. सणाची घाई मला समजते, पण सीलिंगच्या सांध्यांसाठी हा काळ वाईट. आपल्याकडचा बराचसा पाऊस सप्टेंबरमध्ये आणि परतीचा पडतो, स्लॅब तेव्हा पाणी प्यायलेला असतो आणि गळती पूर्ण थांबली की नाही हे कळायला वेळच मिळत नाही. सर्वांत चांगला काळ म्हणजे सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते तिच्या आगेमागे, डिसेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी आणि थंड असते, बोर्ड-सांगाडा-स्लॅब सगळेच आखडलेले असतात, म्हणजे चीर तिच्या पूर्ण रुंदीला उघडलेली मिळते. तेव्हा भरलेला सांधा उन्हाळ्यात दाबला जातो, ताणला जात नाही.

एप्रिल-मेमध्ये करावंच लागलं तर सकाळी लवकर करा. दुपारच्या झळांत कंपाउंड वरून पटकन वाळतं, आत ओलं राहतं आणि स्वतःच बारीक चिरा टाकतं. पंखा बंद, खिडक्या ओढून घेतलेल्या.

सामान

जॉइंटिंग कंपाउंड, पावडर किंवा तयार बादली. दुकानात नाव घेऊन, जिप्सम बोर्डाच्या सांध्यांसाठीचंच मागा. पांढऱ्या सिमेंटची वॉल पुट्टी इथे चालत नाही. ती कडक होते, कागदावर धड चिकटत नाही आणि हालचाल सोसत नाही. पीओपी काही मिनिटांत आवळतं आणि ठिसूळ असतं. सांध्यात हे दोन्ही भरलेलं दिसलं की पुढची चीर ठरलेलीच.

पेपर टेप, मध्ये घडीची रेघ असलेली, साधारण ५० मिमी रुंद. दुकानदार बहुधा पांढरी चिकट फायबर टेप पुढे करतो, कारण ती लावायला सोपी. उतरत्या कडांच्या सांध्यांत ती चालते, पण आखूड बाजूच्या सांध्यांना मी पेपर टेपच वापरतो. जाळी थोडी ताणली जाते, कागद ताणला जात नाही.

याशिवाय २५ मिमीचे ड्रायवॉल स्क्रू, कटर, ४, ६ आणि १० इंचांचे पत्रे, १५० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, चांगला प्रायमर, पाण्याची फवारणी, नाकाला मास्क, डोळ्यांना चष्मा. छताची धूळ थेट डोळ्यांत येते, चष्मा टाळू नका. शिडीपेक्षा घोडा आणि फळी बरी, कारण दोन्ही हात मोकळे लागतात.

प्रत्यक्ष काम

खोलीतलं सामान मध्यभागी सरकवून प्लास्टिकने झाका. त्या खोलीचे एमसीबी पाडा. सीलिंगच्या आत वायरी नेमक्या कुठून गेल्यात हे आपल्याला माहीत नसतं.

कटरने चिरेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंचांवर हलकी रेघ मारा आणि मधली सुटलेली टेप, पुट्टी, रंग पत्र्याने उचलून काढा. पत्रा जवळजवळ आडवा धरायचा. बोर्डाचा मूळ कागद दिसला की थांबायचं, तो फाडायचा नाही. जिथे फाटेल तिथे कडा कापून घ्या आणि उघड्या भागावर प्रायमरचा हात देऊन वाळू द्या. नाहीतर कंपाउंडमधलं पाणी त्या कागदात शिरून फुगा येतो. जुना डिस्टेंपर असेल आणि हाताला पांढरी भुकटी लागत असेल तर तोही चार-सहा इंच रुंदीत पूर्ण खरवडा. भुकटीवर काहीच टिकत नाही.

चीर कटरने व्ही आकारात उघडा, खोली ३-४ मिमी पुरे. बोर्ड आरपार कापायचा नाही, मागे वायर असू शकते. ब्रशने धूळ झाडा.

आता स्क्रू. चुंबकाने सापडलेल्या सेक्शनवर सांध्याच्या दोन्ही बाजूंना नवे स्क्रू लावा. कागद वळवलेल्या कडेपासून किमान १० मिमी आणि कापलेल्या कडेपासून १३ मिमी आत. याहून कडेला घेतलात तर जिप्समचा तुकडा निघतो. डोकं कागदाच्या किंचित खाली बसलं पाहिजे, पण कागद फाटता कामा नये. कागद फाटला की त्या स्क्रूची पकड गेली. तो काढा, इंच-दीड इंचावर दुसरा लावा. जुने ढिले स्क्रूही असेच काढून टाकायचे. नुसते आवळून उपयोग नाही, त्यांचं भोक मोठं झालेलं असतं.

सांध्यामागे सेक्शन नसेल तर ते घालावं लागतं आणि ही पायरी टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. जवळच्या दिव्याच्या भोकातून हात पोचला तर उत्तम. नाहीतर सांध्यालगत हात जाईल इतका चौकोन नीट कापून घ्या, तोच तुकडा नंतर परत बसतो. सीलिंग सेक्शनचा तुकडा, त्याची सपाट बाजू साधारण ५१ मिमी असते, सांध्याच्या मधोमध वरून टेकवा आणि खालून दोन्ही बोर्डांत स्क्रू मारून आवळा. दोन्ही बाजूंना जेमतेम इंचभर जागा मिळते, म्हणून तुकडा मध्यावरच हवा. आत हात घातलेल्या माणसाला दुसऱ्याने खालून सांगावं लागतं, “काका, अजून एक सूत डावीकडे.” एकट्याने हे जमत नाही. कापलेला चौकोन परत बसवताना त्याच्या मागेही असेच दोन तुकडे घालून स्क्रूने आवळायचे.

कंपाउंड कालवताना आधी पाणी, मग पावडर. घट्ट दह्याइतकं जाड हवं, पत्र्यावरून घसरू नये. गुठळ्या मोडून काही मिनिटं मुरू द्या, मग पुन्हा ढवळा. आवळायला लागलेल्या कंपाउंडमध्ये पाणी घालून ते परत पातळ करू नका, त्याची ताकद निघून जाते.

कार्ड शिरण्याइतकी फट असेल तर आधी फक्त तीच दाबून भरा आणि पूर्ण वाळू द्या. मग चार इंची पत्र्याने सांध्यावर दीड-दोन मिमी जाडीचा ओला थर लावा. टेप लांबीला मापून कापा, पाण्यातून एकदा काढून निथळवा आणि घडीची रेघ बरोबर चिरेवर ठेवून बोटांनी बसवा. आता सहा इंची पत्रा तिरका धरून मध्यापासून दोन्ही टोकांकडे ओढा. जास्तीचं कंपाउंड दोन्ही कडांनी बाहेर आलं पाहिजे, पण सगळं पिळून काढायचं नाही. टेपखाली सुमारे एक मिमी राहू द्या. कडेने कंपाउंड अजिबात बाहेर आलं नाही अशी जागा दिसली तर तिथे टेप उचलून परत भरा. पुढे फुगे तिथेच येतात. लगेच टेपवरून पातळ हात फिरवा आणि सोडून द्या.

दुसऱ्या दिवशी, पूर्ण पांढरं आणि कोरडं झाल्यावर, दुसरा हात आठेक इंच रुंद. तिसऱ्या दिवशी तिसरा हात दहा-बारा इंच रुंद, कडांना शून्यावर आणलेला. आखूड बाजूच्या सांध्याला हे पुरत नाही. तिथे दोन्ही बाजूंना मिळून दीड-दोन फुटांपर्यंत पसरवत न्या. उंचवटा जातच नाही, तो इतका पसरवायचा की डोळ्याला कळू नये. टेप घासून तो कमी करण्याचा मोह आवरा.

घासताना टॉर्च पुन्हा तिरका धरा. आधी १५० नंबर हलक्या हाताने, शेवटी २२०. टेपचा धागा दिसायला लागला तर थांबा आणि तिथे पातळ हात देऊन परत वाळवा. सगळी धूळ ओल्या फडक्याने पुसली की प्रायमर. तो वगळला तर कंपाउंड आणि कागद रंग वेगवेगळा शोषतात आणि दुरुस्तीचा पट्टा रंगातूनही दिसत राहतो. शेवटी रंगाचे दोन हात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पूर्ण. फक्त पट्ट्यापुरता रंग मारलात तर तो कायम ठिगळासारखा दिसेल.

भिंतीलगतची फट

इथे टेप आणि कंपाउंड घट्ट बसवलं की फट शेजारी नवी जागा शोधते. स्लॅब आणि भिंत हलणारच. त्यामुळे जुनं ठिसूळ भरण काढून, धूळ झाडून, रंग बसणारं अ‍ॅक्रिलिक सीलंट भरा आणि ओल्या बोटाने गुळगुळीत करा. सिलिकॉन घेऊ नका, त्यावर रंग धरत नाही. फट दरवर्षी चांगलीच उघडत असेल तर कडेला पट्टी किंवा कॉर्निस लावा, पण ती फक्त एका बाजूला, भिंतीला किंवा छताला, चिकटवा. दोन्हीकडे चिकटवली की तीच तडकते.

मंगल कार्यालय, शोरूम किंवा मोठा हॉल असेल आणि छत सलग ३० फुटांपेक्षा लांब असेल, तर कितीही चांगली टेप लावा, मध्ये हालचालीसाठी सांधा सोडल्याशिवाय चिरा थांबत नाहीत. एल आकाराच्या हॉलमध्ये दोन भाग मिळतात तिथेही हेच.

गच्चीचं काम

वरच्या मजल्यावर राहत असाल तर माझा आग्रह आहे की सीलिंगवर खर्च करण्याआधी गच्ची बघा. पन्हाळीची भोकं साफ करा, टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह लावा, कोब्याच्या भेगा भरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गच्चीला चुन्याचे दोन हात किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या. स्लॅब कमी तापला की कमी हलतो. खोली गार राहते हा वरचा फायदा.

दुसऱ्याकडून करून घेताना

काम देताना एवढंच विचारा: “मिस्त्री, टेप कोणती लावणार आणि किती दिवस घेणार?” एका दिवसात टेप, तीन हात आणि रंग होतो असं जो सांगेल त्याला काम देऊ नका. जो आधी दिवा काढून आत बघतो, सांध्याला हात लावून दाबून बघतो, त्याला थोडे जास्त पैसे द्यावे लागले तरी द्या. टेप बसल्यावर, वरचा हात मारण्याआधी, प्रत्येक सांध्याचा फोटो काढून ठेवायला सांगा. नवं सीलिंग करत असाल तर बोर्ड विटांच्या बांधकामासारखे सरकवून लावून घ्या. चार बोर्डांचे कोपरे एकाच ठिकाणी येऊ देऊ नका.

दुरुस्ती झाल्यावर चिरेच्या जुन्या टोकांची जागा आणि तारीख वहीत टिपून ठेवा. मेच्या अखेरीस एकदा आणि परतीचा पाऊस संपल्यावर एकदा तिरप्या टॉर्चने तपासा. केसासारखी रेघ परत आली आणि कार्ड शिरत नसेल तर पातळ हात आणि रंगावर भागतं. त्याच जागी पुन्हा फट उघडली तर टेप बदलू नका, सेक्शन आणि टांगणी तपासा. उरलेली पावडर हवाबंद डब्यात ठेवली तरी पावसाळ्यात ओलावा धरते. पुढच्या वेळी तिच्यात खडे झालेले दिसले तर ती फेकून नवी आणा.